वाळवंटात पाचोळा कुठे जातो?

मुंबईतील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न असा आहे : "विघटनासाठी ऊब आणि ओलावा दोन्ही लागतात, असे आम्ही वर्गात शिकवतो. वाळवंटात ऊब भरपूर असली तरी ओलावा नाही. मग तिथे विघटन जवळजवळ बंद असायला हवे आणि वर्षानुवर्षांचा पाचोळा साचून राहायला हवा. सहलीला जैसलमेरला गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांना मात्र बहुतेक ठिकाणी उघडी वाळूच दिसली. तिथला पाचोळा जातो कुठे? तिथे विघटक आहेत का, आणि मुंबईत राहून त्यातले काही विद्यार्थ्यांना दाखवता येईल का?"

विद्यार्थ्यांचे निरीक्षण बरोबर आहे आणि पाठ्यपुस्तकातले विधानही चुकीचे नाही. दोन्हींचा मेळ बसत नाही, कारण ते विधान मुख्यतः जंगलांच्या अभ्यासावरून तयार झाले आहे. पश्चिम राजस्थानातील मातीवर बरीच वर्षे काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, वाळवंटात विघटन कमी होते असे म्हणण्यापेक्षा ते वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी आणि वेगळ्या जीवांकडून होते, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते.

आधी दोन साध्या गोष्टी मान्य करायला हव्यात. वाळवंटात वनस्पती कमी, म्हणून पाचोळाही मुळात कमी. थर वाळवंटाच्या पश्चिम भागात वर्षाला १०० ते २०० मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. जैसलमेरला तेवढ्या पावसासाठी जवळजवळ पाच वर्षे तरी लागतात. एवढ्या पाण्यावर जी वाढ होते तिचा पाचोळाही त्याच मानाने पडतो. दुसरे असे की, तिथला वारा पाने एका जागी राहू देत नाही. ती बोरडीच्या, फोगच्या किंवा नेपतीच्या झुडपांच्या बुडाशी जाऊन अडकतात आणि मधली जमीन मोकळी राहते. परंतु एवढ्यावरून हिशेब पूर्ण होत नाही. पाऊस आणि बाष्पीभवन यांच्या आकड्यांवरून पाचोळा किती वेगाने कुजेल याचा अंदाज देणारी सूत्रे जंगलांत बऱ्यापैकी खरी ठरली होती. तीच सूत्रे १९७०-८० च्या दशकांत अमेरिकेच्या चिहुआहुआ वाळवंटात लावून पाहिली, तेव्हा प्रत्यक्षातला पाचोळा अंदाजापेक्षा बराच लवकर नाहीसा होत असल्याचे आढळले. याचा अर्थ, सूत्रात न धरलेले कोणीतरी तिथे काम करत होते.

त्यातला सर्वांत मोठा वाटा वाळवीचा. मुंबईकराला वाळवी म्हटले की दाराची चौकट आणि पुस्तकांचे कपाट आठवते, त्यामुळे तिच्याविषयी चांगले बोलणे अनेकांना जड जाते. पण कोरड्या प्रदेशाच्या जमिनीत तिच्याएवढे महत्त्वाचे प्राणी थोडेच आहेत. बुरशी आणि जिवाणू यांना जिथे अन्न आहे तिथेच ओलावाही मिळावा लागतो. वाळवीचे तसे नाही. पृष्ठभागावरची वाळू साठ अंशांच्या पुढे तापलेली असताना ती जमिनीखालच्या ओलसर थरात राहते, रात्री किंवा मातीच्या आवरणाखालून वर येते, वाळकी काडी, गवत, शेण उचलते आणि खाली नेते. कुजण्याचे खरे काम तिच्या आतड्यात किंवा तिच्या घरट्यात होते आणि त्या दोन्ही ठिकाणी बारा महिने ओलावा असतो. विघटनासाठी ओलावा लागतो हा नियम इथे मोडत नाही. तो ओलावा प्राण्याच्या शरीरात आणि वारुळाच्या पोटात सांभाळलेला असतो, एवढेच.

वर्गात सांगताना सगळ्या वाळव्यांना एका मापाने मोजू नये, अशी माझी विनंती आहे. सॅमोटर्मिस किंवा अॅनाकॅन्थोटर्मिस यांसारख्या वाळूत राहणाऱ्या प्रजातींच्या आतड्यात आदिजीव, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव, असतात आणि लाकडातील सेल्युलोज तोडण्यात त्यांची मोठी मदत होते. त्यांतली अॅनाकॅन्थोटर्मिस गवताच्या काड्या तोडून घरट्यात साठवते. भारतात सर्वत्र, अगदी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही आढळणारी ओडोन्टोटर्मिस ही वाळवी मात्र बुरशीची शेती करते. अर्धवट पचलेल्या पाचोळ्याचे ती छिद्राछिद्रांचे गोळे रचते, त्यांवर एक विशिष्ट बुरशी वाढवते आणि लिग्निनसारखा चिवट पदार्थ त्या बुरशीकडून मोडून घेऊन मग तो गोळा खाते. पावसाळ्यात कोकणात वारुळांवर उगवणारी आणि चवीने खाल्ली जाणारी अळंबी याच बुरशीची फळे आहेत. थरमध्येही पावसानंतर वाळूतून खुंबी नावाची अळंबी वर येते, पण ती वेगळ्या प्रकारची आहे. त्यांतल्या पोडॅक्सिस या बुरशीचा वारुळांशी संबंध अनेक देशांत नोंदला गेला आहे.

वाळवीने खाल्लेले सगळे लगेच मातीला परत मिळत नाही, हेही सांगायला हवे. नत्राचा मोठा भाग तिच्या शरीरात आणि वारुळात बराच काळ अडकून राहतो. मुंग्या, पाली, सरडे, पक्षी वाळवीला खातात, पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी हजारोंनी बाहेर पडून मरते, वारूळ ओसाड पडून ढासळते, तेव्हा तो पुन्हा फिरू लागतो. शिवाय ती जमिनीत जी भोके आणि बोगदे करते, त्यांतून पाणी मुरते. न्यू मेक्सिकोतील प्रयोगांत कीटकनाशकाने वाळवी काढून टाकलेल्या उघड्या जमिनीत पाणी मुरण्याचा वेग लक्षणीय घटला होता. जिथे पाऊस वर्षातून मोजके दिवस पडतो, तिथे पडलेले पाणी आत गेले की वाहून गेले, यावर पुढच्या वर्षाचा चारा अवलंबून असतो. त्यामुळे वाळवीचे हे काम मी पाचोळा कुजवण्याच्या तोडीचे मानतो.

दुसरा वाटेकरी सजीव नाही आणि म्हणूनच विद्यार्थ्यांना त्याचे सर्वाधिक आश्चर्य वाटेल. तो म्हणजे सूर्यप्रकाश. एमी ऑस्टिन आणि लुसिया विवांको यांनी अर्जेंटिनातील पॅटागोनियाच्या निमकोरड्या गवताळ प्रदेशात केलेले काम २००६ साली प्रसिद्ध झाले. पाचोळ्यावर पडणारा प्रकाश अडवल्यावर त्याचे विघटन सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाले, असे त्यात दिसून आले. जंगलात ज्या लिग्निनमुळे पान कुजायला वेळ लागतो, तेच लिग्निन प्रकाश शोषून घेते आणि त्यामुळे उन्हात आधी तेच तुटते. पानातील कर्बाचा काही भाग अशा वेळी मातीत न जाता थेट हवेत मिसळतो. उरलेले पान ठिसूळ होते आणि पुढे ओल मिळाली की सूक्ष्मजीवांना ते सहज खाता येते. म्हणून ऊन आणि जिवाणू यांना एकमेकांचे पर्याय मानू नये. पुष्कळदा ऊन आधी काम करते आणि जिवाणू नंतर. थरसारख्या वाहत्या वाळूच्या प्रदेशात यात आणखी एक गुंतागुंत आहे. वाऱ्याने पानावर वाळूचा थर चढला की प्रकाशाचे काम थांबते, पण त्याच वाळूमुळे पान गार राहते, ओल टिकते आणि मातीतले सूक्ष्मजीव त्याला येऊन चिकटतात. एकाच फांदीवरून पडलेल्या दोन पानांपैकी एक उन्हाने झिजते आणि दुसरे बुरशीने, असे तिथे सहज घडते.

बुरशीचा विषय निघालाच आहे तर दव आणि धुके यांचाही उल्लेख करतो. पावसाचे मोजमाप करणारी यंत्रे दवाची नोंद घेत नाहीत आणि म्हणून आपणही त्याला विसरतो. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नामिब वाळवंटात, गोबाबेब येथील संशोधन केंद्राच्या परिसरात, वाळलेल्या उभ्या गवतावरच्या बुरशीचा अभ्यास झाला आहे. समुद्रावरून येणाऱ्या धुक्याने किंवा रात्रीच्या दवाने ते गवत ओले झाले की बुरशीचा श्वसनदर काही मिनिटांत वाढतो आणि सूर्य वर येऊन गवत वाळले की पुन्हा थांबतो. पाऊस नसलेल्या महिन्यांतही असे काही तास रोज किंवा दिवसाआड मिळत गेले, तर वर्षाची बेरीज मोठी होते. गडद रंगद्रव्यामुळे या बुरशींना कडक ऊन सोसते. जिवाणूंच्या तुलनेत एकूणच बुरशी कमी ओलाव्यात तग धरते, शिवाय तिचे धागे कोरड्या पोकळ्या ओलांडून ओल्या कणापर्यंत पोहोचू शकतात. थरमध्ये हिवाळ्यातल्या पहाटे दव पडते. डिसेंबरात गेलेल्या विद्यार्थ्यांनी सकाळी लवकर उठून सेवण गवताचे वाळके बुंधे हाताने चाचपून पाहिले, तर ही गोष्ट त्यांना पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

आता पावसाकडे येतो. इम्मानुएल नॉय-मेअर यांनी १९७३ साली वाळवंटी परिसंस्थांची मांडणी करताना त्या सलग चालत नाहीत, पावसाच्या एकेका झटक्याने चालतात, हा विचार पुढे आणला आणि विघटनाच्या बाबतीत तो अगदी खरा आहे. कोरड्या मातीतले बहुतेक सूक्ष्मजीव मेलेले नसतात. जिवाणू आणि बुरशी बीजाणूंच्या किंवा सुप्त पेशींच्या रूपात थांबलेले असतात, तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे सूक्ष्म कृमी, आपल्या शरीरातले जवळजवळ सगळे पाणी सोडून, वेटोळे होऊन पडून राहतात आणि पाणी मिळताच काही तासांत पुन्हा हालचाल करू लागतात. पूर्व आफ्रिकेत काम करणारे एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली दाखवले की, वाळवून पुन्हा भिजवलेल्या मातीतून कार्बन डायऑक्साइडचा आणि उपलब्ध नत्राचा एकदम लोंढा सुटतो. दुष्काळात मेलेल्या पेशी, जिवंत पेशींनी कोरडेपणा सोसण्यासाठी साठवलेली आणि पाणी येताच बाहेर टाकलेली द्रव्ये, भिजून फुटलेल्या ढेकळांतून मोकळा झालेला सेंद्रिय पदार्थ, असे सगळे अन्न त्या क्षणी एकत्र उपलब्ध होते. मारवाडातला शेतकरी पहिल्या चांगल्या पावसाबरोबर बाजरी पेरण्याची घाई करतो ती अर्थातच ओलीसाठी. पण त्याच आठवड्यात मातीत नत्रही सर्वाधिक मोकळा असतो, हा त्या घाईचा दुसरा लाभ आहे.

या झटक्याच्या काळात मातीत जे घडते ते केवळ कुजणे नव्हे, तिथे कोण कोणाला खातो यावर वेग ठरतो. चिहुआहुआ वाळवंटात पुरलेल्या पाचोळ्यातून संशोधकांनी माइट हे अतिसूक्ष्म अष्टपाद जीव रसायनाने काढून टाकले. ते माइट सूत्रकृमींना खात असत. ते गेल्यावर सूत्रकृमी वाढले, सूत्रकृमींनी जिवाणू फस्त केले आणि पाचोळा कुजण्याचा वेग घटला. उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा, पाचोळ्याला तोंडही न लावणारा शिकारी काढला, तर कुजणे मंदावते. विघटक म्हणजे फक्त जिवाणू आणि बुरशी, असे शिकवताना ही साखळी सुटते आणि माझ्या मते आपल्या अभ्यासक्रमातली ती सर्वांत मोठी उणीव आहे.

पाचोळा जमिनीखाली नेणारी वाळवी एकटी नाही. इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात हेमिलेपिस्टस नावाचा जीव आहे. मुंबईत कुंडी उचलल्यावर तिच्याखाली सापडणारे, हात लावताच काही प्रकारांत गोळी होऊन बसणारे जे छोटे राखाडी जीव असतात, त्यांच्या आणि म्हणून दूरच्या नात्याने खेकड्यांच्या कुळातला हा प्राणी. नर-मादी आणि पिल्ले असे पूर्ण कुटुंब एका बिळात राहते, पाचोळा आत नेऊन खाते आणि विष्ठेच्या गोळ्या बिळाच्या तोंडाशी आणून टाकते. आपल्याकडे हेच काम काळे भुंगे, धान्य वेचणाऱ्या मुंग्या आणि बिळे करणारे जर्बिल उंदीर आपापल्या परीने करतात. मुंग्यांच्या वारुळाभोवती पडलेल्या फोलपटांच्या कड्याखालची माती आजूबाजूपेक्षा कसदार असते.

शेणाबाबत थोडक्यात सांगायचे तर, पावसाळ्यात शेणकिडे ते पुरतात आणि कोरड्या महिन्यांत त्यावर लवकर कडक कवच येते, मग ते वाळवीच्या वाट्याला जाते. मेलेल्या जनावरांचे गणित मात्र वेगळे आहे. गिधाडे, कोल्हे, कुत्रे हे मृतभक्षक. त्यांना विघटक म्हणू नये. पण त्यांनी मांस लवकर संपवले नाही, तर कोरड्या हवेत कातडे आणि स्नायू वाळून लाकडासारखे होतात आणि त्यातला नत्र दीर्घकाळ कोणाच्याच उपयोगी पडत नाही. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे भारतातल्या गिधाडांची संख्या कोसळली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मुंबईत डुंगरवाडीवरून, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागेवरून, गिधाडे नाहीशी झाल्याने पारशी समाजासमोर उभी राहिलेली अडचण अनेकांना ठाऊक आहे. बिकानेरजवळ जोडबीड येथे हिवाळ्यात आजही गिधाडे मोठ्या संख्येने उतरतात आणि विद्यार्थ्यांना नेता आले तर जरूर न्यावे.

या सगळ्यांचे काम जमिनीवर सारखे पसरलेले नसते. खेजडीच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, खालची माती आणि दहा पावलांवरची उघडी माती यांत सेंद्रिय कर्ब आणि नत्र यांचा फरक स्पष्ट दिसतो. झाड सावली देते, पाने गाळते, वाऱ्याने आलेली पाने अडवते, मुळांवरच्या गाठींतून नत्र आणते, आणि जनावरे विसाव्याला तिथेच थांबतात. विघटकही तिथेच गोळा होतात. शेतात खेजडी राखून तिच्याखाली पीक घेण्याची मारवाडची रीत याच समजुतीवर उभी आहे. म्हणून शेत स्वच्छ दिसावे या हौसेने झाडाखालचा पाला गोळा करून जाळणे किंवा एखादे रोप वाळले म्हणून सगळ्या शेतात वाळवीनाशक ओतणे, या दोन्हींनी त्या जमिनीचे फार नुकसान होते. वाळवी पिकाला लागते हे खरे आहे. पण ती बहुधा अर्धवट कुजलेल्या शेणखताच्या मागे येते आणि दुसरे खाणे उरले नाही तर ताणाखालच्या रोपाकडे वळते. पूर्ण कुजलेले खत घालणे आणि बांधावर थोडा काडीकचरा राहू देणे, हा मी देत आलेला सल्ला आहे.

मुंबईत काय करता येईल, याचे उत्तर आपल्या हवामानातच आहे. फेब्रुवारी ते मे या काळात इथे पाऊस जवळजवळ नसतो आणि ११ जूनच्या आसपास मोसमी पाऊस येतो. हवा दमट असल्यामुळे हे वाळवंट नव्हे, हे विद्यार्थ्यांना आधीच बजावावे; पण कोरड्या मातीचे ओल्या मातीत होणारे रूपांतर पाहायला ही जागा उत्तम आहे. देशी बदामाची किंवा पिंपळाची वाळलेली पाने मोजून, प्रत्येकी दहा ग्रॅम, नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरावीत. निम्म्या पिशव्यांची जाळी वाळवी आत शिरेल एवढी मोठी आणि निम्म्यांची मच्छरदाणीपेक्षाही बारीक असावी. दोन्ही प्रकारच्या काही पिशव्या उन्हात, काही सावलीत, मैदानाच्या अशा कोपऱ्यात ठेवाव्यात जिथे झाडलोट होत नाही. दर महिन्याला प्रत्येक प्रकारच्या किमान तीन पिशव्या उचलून, माती हलक्या ब्रशने झटकून, पाने वाळवून तोलावीत. बारीक जाळीतले वजन मेअखेरीपर्यंत फारसे घटणार नाही आणि जून-जुलैत झपाट्याने उतरेल, अशी माझी अपेक्षा आहे. मोठ्या जाळीत वाळवी शिरली तर मात्र पावसाआधीच पिशवी निम्मी रिकामी सापडेल आणि आत पानाऐवजी मातीचे पापुद्रे असतील. ती पिशवी प्रयोग बिघडला म्हणून फेकू नये, तीच सर्वांत महत्त्वाची नोंद आहे.

बर्च यांचे निरीक्षण तर प्रयोगशाळेच्या टेबलावर दाखवता येते. मेमध्ये मैदानातली पूर्ण कोरडी माती घेऊन तीन बरण्यांत सारखी भरावी. पहिलीत ऊर्ध्वपातित पाणी शिंपडावे, दुसरी कोरडीच ठेवावी आणि तिसरीत आधी प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक करून गार केलेली माती घेऊन तेवढेच पाणी घालावे. प्रत्येक बरणीत चुन्याच्या निवळीची छोटी वाटी ठेवून झाकण घट्ट लावावे आणि दर काही तासांनी निवळी किती गढूळ झाली ते लिहावे. तिसऱ्या बरणीतली निवळीही थोडी पांढुरकी होऊ शकते, कारण झाकण लावताना आत राहिलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतोच. म्हणून मातीविना चौथी बरणीही ठेवावी.

पुढच्या सहलीत जैसलमेरची माती आणून हाच प्रयोग करायचा असेल, तर ती राष्ट्रीय मरुउद्यानाच्या हद्दीतून उचलू नये. एखाद्या शेतकऱ्याच्या परवानगीने खेजडीखालची आणि उघड्या रानातली माती वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत घ्यावी, प्लास्टिकमध्ये नको, कारण त्यात दव धरते आणि मुंबईत पोहोचेपर्यंत सूक्ष्मजीव जागे झालेले असतात.